क्विरेल मेला का हो भाऊ?

वऱ्हाडात किडा दिसला की हात आपसूक फवारणीच्या पंपाकडे जातो. बोंडअळी, तुडतुडे, मावा, पांढरी माशी, हुमणी, सोयाबीनवरचा चक्रीभुंगा... पातूर तालुक्यात ही नावं शाळकरी पोरालाही पाठ. आणि तेच पोरगं रात्री लॅपटॉप उघडून एका चिमुकल्या किड्याच्या हातात खिळा (तीच त्याची तलवार) देतं आणि किड्यांचं अख्खं राज्य वाचवायला निघतं!

गेमचं नाव 'हॉलो नाइट'. राजा किडा, प्रजा किडे, नकाशे विकणारा किडा, बँक चालवणारीही किडाच. माणूस औषधालाही नाही. 'सिल्कसाँग' हा त्याचा दुसरा भाग. ज्यांनी हे खेळलंय ते आपापसांत भेटले की काय बोलतात, त्याचा हा चटकदार ऐवज. शेवट फुटू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी जपून वाचावं. बरंच काही फुटणार आहे.

तीन-चार माणसांचं दुकान

हा गेम बनवला ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या 'टीम चेरी'ने. ॲरी गिब्सन आणि विल्यम पेलन ही त्यातली मुख्य जोडी. टीम हा शब्दसुद्धा मोठा वाटावा, इतकी कमी माणसं. सुरुवात २०१३ साली झाली, ठरलेल्या वेळेत गेम बनवायच्या एका स्पर्धेत. त्यांचा 'हंग्री नाइट' नावाचा छोटासा खेळ काही फारसा गाजला नाही. पुढे अशाच एका स्पर्धेचा विषय आला 'पृष्ठभागाखाली'. या पठ्ठ्यांची मुदतच चुकली! पण जमिनीखालच्या राज्याची कल्पना डोक्यात राहिली ती राहिलीच.

२०१४ च्या अखेरीस त्यांनी लोकांकडे वर्गणी मागितली. मागितले ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, जमले ५७,१३८. देणारे होते २,१५८. २४ फेब्रुवारी २०१७ ला गेम आला आणि पुढच्या आठेक वर्षांत त्याच्या दीड कोटी प्रती खपल्या.

योगायोग बघा, त्याच २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी पोखरली होती. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी. गेममधल्या राज्याची अवस्थाही अशीच: वरून दगडी कमानी, आत केशरी रोगाचा प्रादुर्भाव. ॲडलेडला पातूर ठाऊक असायचं कारण नाही, पण विषय आपल्या ओळखीचा निघाला.

मिलिबेलची पतसंस्था

चाहत्यांच्या गप्पांत हमखास निघणारा किस्सा. गेममधला पैसा म्हणजे 'जिओ' (मोबाइलवाला नव्हे). आपण मेलो की सगळा जिओ मेलेल्या जागी पडून राहतो. परत जाऊन स्वतःच्याच भुताला हरवायचं, तेव्हा तो मिळतो. वाटेत पुन्हा मेलात तर गेला कायमचा. अशा धास्तावलेल्या खेळाडूला भेटते मिलिबेल. गोड बोलणारी, गोलमटोल, बँकवाली. ठेवा म्हणते माझ्याकडे, अगदी सुरक्षित.

खेळाडू ठेवतो. ठेव चांगली फुगली की एक दिवस येऊन बघावं तर बँकेचा फक्त दर्शनी फळा उभा, मागे काहीच नाही! मिलिबेल पसार. महाराष्ट्रात पतसंस्था बुडणं काय असतं, हे ज्याच्या घरात कोणी अनुभवलंय त्याला इथे हसावं की रडावं कळत नाही.

पण गेममध्ये एक सोय आहे, जी ठेवीदारांना प्रत्यक्षात कधी मिळत नाही. बरंच पुढे गेल्यावर ही बाई एका आलिशान स्नानगृहात मजेत डुंबताना सापडते. खिळ्याचे चार फटके दिले की ठेव परत, वर थोडं जास्तच. गेममध्ये याहून मोठमोठी युद्धं आहेत. तरी अनेक जण या वसुलीलाच सर्वोच्च आनंद मानतात, आणि मला ते पटतं.

"अबे, तलवार टाकून कोन जाते?"

आता मूळ भांडण. क्विरेल हा भटक्या, सभ्य, गप्पिष्ट किडा. वाटेत अधूनमधून भेटतो, बाकावर बसून दोन शब्द बोलतो. शेवटची भेट निळ्या तलावाच्या काठी. शांतपणे बोलतो. पुढच्या वेळी गेलात तर क्विरेल नाही, काठावर त्याचा खिळा तेवढा रोवलेला.

बस्स. गेम याहून एक अक्षर सांगत नाही. आणि म्हणूनच इतकी वर्षं जुंपली आहे. एक म्हणतो, "मेला बिचारा, पाण्यात गेला." दुसरा उसळतो, "काऊन मरते? लढाई नको झाली त्याले, म्हनून हत्यार ठेवलं अन् गेला पुढं!" पहिला पुन्हा, "अबे, तलवार टाकून कोन जाते?" बाजूला बसलेल्या आजोबांना वाटतं, पोरांचा कोणी मित्र गेला की काय.

माझं मत विचाराल तर क्विरेल गेला. पण हे मत मी बसस्टँडवर मोठ्याने सांगणार नाही.

दुसरा वाद आळीबाबांचा. राज्यभर काचेच्या बरण्यांत ४६ गुबगुबीत आळ्या कोंडलेल्या असतात. प्रत्येक आळी सोडवली की ती आनंदाने चित्कारून जमिनीत पसार होते आणि बापाकडे पोचते. सगळ्या सोडवून त्यांच्या घरी जावं तर आळ्या गायब, आणि बाप पोट तट्ट फुगवून घोरतोय! खाल्लं की काय पोरांना? एक पक्ष म्हणतो, खाल्लंच. दुसरा पक्ष कीटकशास्त्र पुढे करतो: आळीचा कोष होणार, कोषातून पंख फुटणार, हा त्याचाच भाग. ज्यांनी कपाशीवर आळी, कोष आणि पतंग पाहिलेत, त्यांनी या दुसऱ्या पक्षाचं वकीलपत्र घ्यायला हरकत नाही.

शेणाचा वास आणि सवलत

'डंग डिफेंडर' हा शेणाचे गोळे फेकून लढणारा सरदार. मनाने दिलदार, हरला तरी खुश. त्याचं पदक अंगावर लावलं की आपल्याभोवती दुर्गंधीचा ढग फिरू लागतो. गंमत अशी की हे पदक लावून गेलं तर एक विचित्र दुकानदार भावात चक्क सूट देतो!

खरा शेणकिडाही कमी नाही. आफ्रिकेतला एक शेणकिडा रात्री आपला गोळा सरळ रेषेत ढकलताना आकाशगंगेच्या पट्ट्याचा आधार घेतो. शास्त्रज्ञांनी त्याला तारांगणात नेऊन आणि डोळ्यांवर टोपी चढवून हे तपासलं. त्या कामाला २०१३ साली 'इग नोबेल' मिळालं. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला देतात.

तीन बहिणी, चार आसनं

प्रार्थना कीटकांच्या टोळीच्या तीन राण्या. आधी एक लढते, ती हरली की उरलेल्या दोघी एकदम तुटून पडतात. तुम्ही जिंकलात की तिघी वाकून मानवंदना देतात, आणि त्यानंतर त्या गावचा एकही कीटक तुमच्या वाटेला जात नाही. उलट तुम्ही जाताना तेही झुकतात. गेमभर सगळं जग अंगावर येत असताना मिळालेला हा मान खेळाडू कधी विसरत नाहीत. पण नीट बघा: आसनं चार आहेत, त्यातलं एक मोडलेलं. तो चौथा भाऊ कुठे गेला, हे शोधण्यात लोकांनी रात्री घालवल्या. सापडतो, पण कुठे ते मी सांगत नाही.

न आलेल्या बातमीची रोजची बातमी

'सिल्कसाँग'ची घोषणा झाली फेब्रुवारी २०१९ मध्ये. त्याची नायिका हॉर्नेट, म्हणजे पहिल्या गेममधली लाल झग्यातली लढवय्यी. कोळीण राणीची लेक. मुळात ही फक्त पहिल्या गेमची पुरवणी व्हायची होती, पण वाढत वाढत तिचा स्वतंत्र गेम झाला. मग सहा वर्षं नुसती वाट!

या काळात चाहत्यांचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. एक यूट्यूब वाहिनी रोज बातमी द्यायची. बातमी काय? तर आज काही बातमी नाही. लोक तीही बघायचे! जानेवारी २०२५ मध्ये पेलनने आपल्या खात्यावर चॉकलेट केकचं चित्र लावलं. झालं. हा केक कुठला, त्याची कृती कधी छापून आली, याचा तपास करून लोकांनी २ एप्रिल ही तारीख काढली. कंपनीच्या प्रसिद्धीवाल्याने सांगितलं, अहो, त्यात काही संकेत नाही. आणि २ एप्रिलला निन्टेन्डोच्या कार्यक्रमात 'सिल्कसाँग'ची झलक खरंच दिसली! केक वाचणाऱ्यांचा भाव वधारला.

गेम अखेर ४ सप्टेंबर २०२५ ला आला. तारीख जाहीर झाली फक्त दोन आठवडे आधी. ती ऐकून कित्येक छोट्या कंपन्यांनी आपले गेम पुढे ढकलले. त्या दिवशी खरेदीला अशी झुंबड उडाली की स्टीमसकट मोठमोठी ऑनलाइन दुकानं काही काळ कोलमडली. मग उशीर का झाला होता? कुठे अडलं नव्हतं म्हणे. बनवताना मजा येत होती, म्हणून बनवतच राहिले. ठेकेदाराने हे कारण दिलं असतं तर आपण त्याला सोडलं असतं का?

किड्यांची वारी

शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा वाटेत पातूर लागतं, मग मेडशी. त्यामुळे 'सिल्कसाँग'ची कथा इथल्या माणसाला वेगळीच लागते. राज्याच्या शिखरावर एक गड, आणि खालून वर चढणारे यात्रेकरू किडे. या गेममधला पैसा म्हणजे जपमाळेचे मणी. सुटे मणी मेल्यावर हातचे जातात. माळेत ओवून ठेवले तर राहतात. पण ओवून देणारं यंत्र दलाली कापतं: ८० मणी घेतं, ६० ची माळ देतं!

यात्रेकरूंतला सगळ्यांचा लाडका म्हणजे शेर्मा. बंद दारासमोर हा चिमुकला किडा वाजवत, गात उभा असतो, गाण्याने दार उघडेल या भरवशावर. हॉर्नेट लांबून वळसा घालून पलीकडून कळ दाबते. दार उघडतं. शेर्मा हरखतो: बघा, गाणं पोचलं! हॉर्नेट त्याचा भ्रम मोडत नाही. मात्र आपल्या वारीशी साम्य इथेच संपतं. या गडाकडे निघालेल्यांचं पुढे काय होतं ते फार वाईट आहे. तिथे चोखोबांसारखा दाराशी उभं राहून जाब विचारणारा कोणी नाही.

आणि हो, या गेममध्ये हरवलेल्या ३० पिसवा शोधून त्यांच्या तांड्यात परत पोचवायच्या असतात. पिसवा झटकायच्या नाहीत, जमवायच्या!

शेजारपाजार

प्राण्यांची पात्रं असलेले आणखी काही गेम बघा. 'अंडरटेल' (२०१५) हा टोबी फॉक्सचा गेम. त्यात शेळीच्या तोंडाची प्रेमळ टोरिएल आपल्याला घरी नेऊन 'पाय' नावाचा गोड पदार्थ खाऊ घालते, आणि एकालाही न मारता तो पूर्ण करता येतो. २०१६ साली एका अमेरिकन यूट्यूबरने तो थेट पोप फ्रान्सिस यांना भेट दिला. पोपनी खेळला की नाही, ते व्हॅटिकन जाणे. पण जानेवारी २०२२ मध्ये पोपसमोर सर्कशीच्या कलाकारांनी कसरती केल्या, त्या याच गेममधल्या एका धुनेवर!

'अनटायटल्ड गूज गेम' (२०१९) मध्ये आपण एक व्रात्य हंस असतो आणि गावाला छळतो. सुरुवात झाली मेलबर्नच्या चार मित्रांत फिरलेल्या हंसाच्या एका फोटोवरून. 'स्ट्रे' (२०२२) मध्ये आपण मांजर, आणि म्याँव करायला वेगळं बटण. ते दाबलं की घरातली खरी मांजरं टीव्हीसमोर येऊन बसतात, असे व्हिडिओ लोकांनी ढिगाने टाकले.

प्राण्यांना खेळात पात्रं करणं आपल्याला नवं नाही म्हणा. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १० अवतारांची १२० पानं असतात, आणि डाव मासा, कासव, वराह, नृसिंह अशा मंडळींसोबत रंगतो. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये 'राजी' हा देखणा गेम काढून दाखवला. एखादा वऱ्हाडी पोरगा कधी शेतातल्या किड्यांचा गेम करील तर पात्रांची ददात नाही. चक्रीभुंगा खलनायक, कामगंध सापळ्यात भुलून अडकलेला नर पतंग विनोदी पात्र, आणि बोंडअळी खाणारी मित्रकीड नायिका.

नवख्यांसाठी एकच वाद बाकी

आधी पहिला भाग की थेट दुसरा? दुसरा जास्त अवघड. सुरुवातीच्या दोन शत्रूंवरून इतकी ओरड झाली की टीम चेरीने काही दिवसांतच त्यांना थोडं सौम्य केलं. शिवाय हॉर्नेट बोलते, पहिल्याचा नायक अवाक्षर काढत नाही. माझं सांगणं, पहिल्यापासून सुरू करा. जुना लॅपटॉपही बहुतेक वेळा चालून जातो. आत उतरल्यावर कोणी गुणगुणताना ऐकू आलं आणि जमिनीवर कागद पडलेले दिसले, तर त्या कागदांच्या मागे जा. तो नकाशेवाला कॉर्निफर. नकाशा तिथेच घ्या. पुढे वर गावात त्याच्या बायकोच्या दुकानातही मिळतो, पण ती जास्त पैसे लावते.