कर्नाळ्यात पक्षी कसे पाहतात

कर्नाळा पक्षी अभयारण्य पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटरवर, मुंबई–गोवा महामार्गावर आहे. महामार्ग अभयारण्याच्या पोटातूनच जातो, त्यामुळे पहिली काही मिनिटे कानात पक्ष्यांच्या आधी ट्रकचे हॉर्न भरतात. १९६८ मध्ये हे अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ४.४८ चौरस किलोमीटर होते. २००३ मध्ये ते वाढवून १२.११ चौरस किलोमीटर करण्यात आले. मध्ये कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका, त्याच्या उतारावर दाट रान आणि पायथ्याशी ओढे, एवढ्यात सगळा पसारा आटोपतो.

या रानाला सरसकट वर्षावन म्हटले जाते, ते बरोबर नाही. वर्षावनात पाऊस वर्षभर थोडाफार पडत राहतो. इथे जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने जमीन कोरडी होत जाते. म्हणून हे रान मुख्यत्वे आर्द्र पानझडी आहे. साग, ऐन, सावर, पांगारा यांची पाने गळतात; ओढ्याकाठच्या आंबा, जांभूळ, उंबरांची सावली मात्र टिकते. पाहणाऱ्याचा दिवस या फरकावर ठरतो. ज्या रानात पाणी, फूल, फळ ठरावीक वेळीच असते, तिथे प्राणी कुठे येणार याचा अंदाज आधी बांधता येतो. त्यांच्या मागे धावण्यापेक्षा ते येणार तिथे आधी जाऊन बसणे, हीच इथली रीत.

हंगाम दोन. पावसाळ्यात वाटा निसरड्या, जळवा-डासांचा त्रास आणि पानांच्या दाटीत काहीच दिसत नाही. तरीही काही पक्षी याच दिवसांत भेटतात. ऑक्टोबर ते मार्च हा सोयीचा काळ. हिमालयाकडून आणि त्याहून उत्तरेकडून आलेले पाहुणे तेव्हा रानात असतात, आणि फेब्रुवारीपासून पाने गळू लागल्यावर फांद्या मोकळ्या होतात.

पहाटे पनवेलहून निघून प्रवेशद्वार उघडण्याच्या वेळी पोहोचावे लागते. तिथे पिशव्या तपासतात. प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेण्याची पद्धत आहे, बाटल्या परत दाखवल्या की पैसे मिळतात. कपडे मातकट किंवा हिरवट, अत्तर नाही. दुर्बीण निवडताना नवखे लोक मोठ्या आकड्याला भुलतात. ८×४२ म्हणजे आठपट मोठे चित्र आणि ४२ मिलिमीटर व्यासाची पुढची भिंगे. ४२ ला ८ ने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते, सव्वापाच मिलिमीटर. १०×४२ मध्ये ती ४.२ वर येते. झाडाखालच्या सकाळच्या अंधारात हा फरक चांगलाच जाणवतो. शिवाय दहापट चित्र हाताच्या थरथरीनेही दहापट हलते. रानासाठी आठाची दुर्बीण बरी.

पायथ्याच्या वाटांना हरियाल आणि मोरटाका अशी नावे आहेत. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी, पिवळ्या पायांचा हिरवट पारवा. उंबर पिकला असला तर तो शेंड्यावर बसलेला असतो आणि पानांत इतका मिसळतो की फळ टपकल्यावरच झाडात कोणी आहे हे कळते. वाटेवर चालण्याचा वेग फार कमी ठेवतात: दहा-पंधरा पावले, मग थांबणे. कारण पहिल्या दोन तासांत काम कानांचे असते. तांबटाचा एकसुरी ठोका, कुटुरग्याची चढती हाक, पाचोळ्यात चोच घालून पान उलटणाऱ्या सातभाईंची खसखस. आवाज ओळखला की पक्षी किती उंचीवर शोधायचा ते ठरते. पाचोळ्यातल्या पक्ष्यासाठी मान वर करून उपयोग नाही. हिवाळ्यात येणारे पर्णवटवटे दिसायला इतके सारखे असतात की जाणकारही आधी त्यांची हाक ऐकतात आणि मग दुर्बीण उचलतात.

पल्लवपुच्छ कोतवाल मात्र कानाला फसवतो. शेपटीच्या दोन लांब काड्यांच्या टोकाला पिसांचे पल्लव असलेला हा काळा पक्षी इतरांच्या हाका हुबेहूब काढतो, त्यात शिक्र्याचीही. तरी त्याचा आवाज आला की थांबावे, कारण तो बहुधा एकटा नसतो. हिवाळ्याच्या सकाळी या रानात मिश्र थवे फिरतात: खोडावर उलटी चालणारी शिलींध्री, शेंड्यात निखार, मधल्या फांद्यांत सुभग आणि माशीमार, आणि कडेला कोतवाल. प्रत्येकाचा किडे शोधण्याचा थर वेगळा, त्यामुळे भांडण कमी. एकाच्या हालचालीने उडालेला किडा दुसऱ्याला मिळतो, आणि ससाणा आला तर इशारा द्यायला अनेक डोळे असतात. अर्धा तास रिकामा जातो आणि मग पाच मिनिटांत दहा-बारा जाती डोक्यावरून निघून जातात. अशा वेळी फोटोच्या मागे लागणारा बहुतेक सगळे गमावतो. थव्याची दिशा पाहून पुढे जाऊन उभे राहिले तर तो पुन्हा समोरून येतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेला पांगारा सापडला तर चालण्याची गरजच उरत नाही. झाडाला पान नाही, लाल फुले भरली आहेत आणि मधासाठी रांग लागली आहे असे दृश्य असते. शिंजीर फुलापाशी क्षणभर फडफडतो, बुलबुल चोच खुपसतात, कोतवाल मध पिता पिता त्यावर आलेली माशीही टिपतो, हिरवा बुलबुल इतरांना हुसकावत राहतो आणि खार अख्खे फूलच तोडते. पाकळ्यांतून डोके काढलेल्या पक्ष्याच्या कपाळावर पिवळे पराग स्पष्ट दिसतात. झाडाचा फायदा तो एवढाच. अभयारण्यातली ही बहुधा सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित जागा, कारण बरेच लोक दुर्मिळ पक्ष्याच्या आशेने झाडाखालून पुढे निघून जातात.

पावसाळ्यातला मान तिबोटी खंड्याचा. रायगड जिल्ह्याचा हा जिल्हापक्षी चिमणीएवढा, पोट पिवळे, डोक्यावर जांभळट झाक, चोच पोवळ्याच्या रंगाची आणि पायाला चारऐवजी तीन बोटे. पावसाबरोबर तो कोकणात विणीला येतो आणि ओढ्याच्या किंवा वाटेच्या कडेच्या मातीत बीळ खोदतो. पिलांना तो सरडुल्या, बेडूक, खेकडे, कोळी आणतो; खेकडा फांदीवर आपटून आधी त्याच्या नांग्या सुट्या करतो. या बिळांसमोर छायाचित्रकारांची गर्दी होते, आणि इथेच निरीक्षणाचे उपद्रवात रूपांतर होते. भक्ष्य चोचीत धरून पक्षी जवळच्या फांदीवर नुसताच बसून राहिला, बिळाकडे झेपावला नाही, तर माणसे फार जवळ आहेत असे समजून मागे सरायचे. हाकांचे ध्वनिमुद्रण वाजवून पक्षी ओढून आणणे विणीच्या दिवसांत तर अजिबात करू नये.

नऊ-दहानंतर पक्षी शांत होतात आणि खालचे जग जागे होते. पावसाळा संपता संपता वाटेवर आडवी ताणलेली नेफिला कोळ्याची जाळी चेहऱ्याला लागतात; जाळ्याचा धागा उन्हात सोनेरी पिवळा दिसतो. मध्यभागी बोटाच्या दोन पेरांएवढी मादी असते आणि जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात काही मिलिमीटरचा, लालसर ठिपक्यासारखा नर. पाहणारे बहुतेक त्याला तिचे पिल्लू समजतात. ओल्या मातीवर क्षार शोषायला फुलपाखरे जमतात; त्यांत काळ्या पंखांवर निळी झळाळी असलेला नीलवंतही असतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखरू ठरवले. राज्य फुलपाखरू असणारे हे देशातले पहिले राज्य.

ऊन चढू लागले की शिकारी पक्षी गरम हवेच्या झोतावर वर येतात, म्हणून किल्ल्याची चढण या वेळी धरतात. सर्पगरुड सुळक्याभोवती घिरट्या घालत शीळ घालतो. सुळक्याच्या कातळाला आग्यामोहोळे लटकलेली असतात. धूर, अत्तर आणि दगडफेक टाळली नाही तर उतरण्याची घाई प्राणावर बेतते.

सस्तन प्राणी दिवसा क्वचित दिसतात. वानरे सोडली तर खुणांवर समाधान मानावे लागते: ओढ्याकाठच्या चिखलात रानडुकराचे खूर, वाटेच्या मधोमध केस असलेली विष्ठा, दाटीतून आलेले भेकराचे कुत्र्यासारखे भुंकणे. भेकर भुंकत राहिले आणि वानरांनीही खाकरायला सुरुवात केली, तर बिबट्या जवळून गेला असण्याची शक्यता धरतात. मे महिन्यात पाणी मोजक्या पाणवठ्यांवरच उरते, म्हणून वनविभाग बुद्धपौर्णिमेच्या रात्री चांदण्यात मचाणावर बसून प्राण्यांची नोंद घेतो. एरवीच्या सहलीत तीच युक्ती दुपारी चालते: ओढ्यातल्या उरल्यासुरल्या डबक्यासमोर सावलीत बसले की शामा, कस्तुर, स्वर्गीय नर्तक पाणी प्यायला एकेक करून खाली उतरतात.

उतरल्यावर वही पूर्ण करायची. वेळ, जागा, संख्या आणि पक्षी काय करत होता, हे त्याच दिवशी लिहिले नाही तर संख्या फुगतात. फक्त ऐकलेल्या जातींपुढे तशी खूण करतात. ईबर्डसारख्या संकेतस्थळावर हीच यादी जोडली की ती पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडते, त्यासाठी नेहमीचे कावळे, साळुंक्याही लिहाव्या लागतात. ओळख पटली नाही तर ‘पर्णवटवट्या, जात अनिश्चित’ असे लिहून ठेवले की झाले. कर्नाळ्याच्या याद्यांत अशा नोंदी प्रत्येक हिवाळ्यात येतात.