जाळीचं कपाट दिवाणखान्यात

पूर्वी अनेक स्वयंपाकघरांत एक जाळीचं कपाट असायचं. दूध, दही, विरजणाची वाटी, झाकून ठेवलेली सकाळची भाजी, सगळं त्यात. मांजर आत शिरू नये, पण हवा खेळती राहावी म्हणून दारांना तारेची जाळी. मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. फ्रीज आला आणि ही कपाटं आधी माळ्यावर आणि मग भंगारात गेली. आता लोक तीच हौसेनं शोधतात, कुणी पुस्तकांसाठी, कुणी चिनीमातीच्या बरण्यांसाठी. जुन्या वस्तूंनी घर सजवायला निघालेल्या कुणालाही मी पहिल्यांदा हेच सुचवते. एक तर ते शिसवी पलंगाइतकं महाग पडत नाही, आणि दुसरं म्हणजे जुन्या लाकडाची बहुतेक सगळी दुखणी त्यात एकाच ठिकाणी शिकायला मिळतात.

बाजारात जाण्याआधी घर मोजावं. भिंत तर आपण मोजतोच. लिफ्टचं दार, जिन्याचं वळण आणि घराच्या दाराची रुंदी मात्र राहून जाते. मी एकदा नुसती भिंत मोजून गेले होते. सव्वासहा फुटी कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर असं अडकलं की ना वर जाईना, ना खाली. सुताराला बोलावून वरची कंगणी, म्हणजे माथ्यावरची नक्षीची पट्टी, उतरवली तेव्हा ते सुटलं. तोवर वरच्या मजल्यावरचे आजोबा दुधाची पिशवी घेऊन खालीच ताटकळले होते.

आता बाजार. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईत मटण स्ट्रीटवरचा चोरबाजार आहे, तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात. मोठं फर्निचर बघायचं असेल तर जोगेश्वरीचं ओशिवरा. पण त्याही आधी आपल्याच मामा-आत्यांना फोन करून पाहावा. गावाकडच्या पडवीत अशी कपाटं धूळ खात पडलेली असतात.

जाताना टॉर्च, मोजपट्टी आणि एक लोहचुंबक बरोबर ठेवावं. चुंबक कड्यांसाठी आणि मुठींसाठी. पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वरून नुसता पितळी मुलामा.

कपाट समोरून बघण्यात फारसा अर्थ नाही, समोरची बाजू विकणाऱ्यानं पुसलेलीच असते. ते आडवं करायला सांगावं आणि पाय बघावेत. वर्षानुवर्षं पाण्याच्या वाटीत उभे राहून खालचे दोन-तीन इंच काळे आणि मऊ झालेले असतात. तिथं नखानं दाबून पाहावं. नख रुतलं तर तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागेल. तो खर्च भावातून वजा करायचा, कपाट नाकारायचं कारण नाही.

मग मागची फळी आणि कप्प्यांचे कोपरे. बारीक गोल भोकं आणि त्याखाली पिठासारखा भुसा दिसला तर लाकूड पोखरणारा किडा. भुशाऐवजी खसखशीसारखे दाणे दिसले तर कोरड्या लाकडात राहणारी वाळवी. मातीच्या नळ्या दिसल्या तर जमिनीतून येणारी वाळवी. भोकं नुसती आहेत, भुसा नाही, म्हणजे किडा जुना असू शकतो. पण ‘असू शकतो’ एवढंच, कारण भुसा सकाळीच झटकलेला असतो. सागाचा गाभा तेलकट असल्यामुळे किड्याला सहसा आवडत नाही. खोडाच्या बाहेरच्या अंगाचं पांढरट लाकूड मात्र तो आवडीनं खातो, म्हणून फिकट पट्ट्या असतील तिथं टॉर्च जास्त वेळ धरावा.

विकणारा म्हणेल, ‘‘ताई, अस्सल बर्मा टीक आहे, शंभर वर्षं जुना.’’ बाजारातलं प्रत्येक तपकिरी लाकूड बर्मा टीकच असतं! आपण वाद घालू नये, स्क्रू बघावेत. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकात निघाला. म्हणजे शंभर वर्षांच्या वस्तूत तो असेल, तर निदान दुरुस्ती तरी नंतरची आहे. दुरुस्ती असणं वाईट नाही. पण लपवलेल्या दुरुस्तीवर भाव चढवलेला असतो, आणि हा एक स्क्रू दाखवून तो बऱ्यापैकी उतरतो.

खरोखर शंभर वर्षांपलीकडची कोरीव वस्तू मिळालीच, तर एक कायदा माहीत असावा. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार अशी कलाकुसरीची वस्तू आपल्याला देशाबाहेर पाठवता येत नाही. न्यू जर्सीतल्या बहिणीला जुनं देवघर पाठवायचं मनात असेल, तर आधी त्याचं वय विचारावं.

घरी आणलं की कपाट सरळ दिवाणखान्यात नेऊ नये. इथं हमखास घाई होते. आठ-पंधरा दिवस ते गॅलरीत किंवा गच्चीत राहू द्यावं. फटींमध्ये ढेकूण असू शकतात; एका वेताच्या खुर्चीतून मी ते घरात आणले होते आणि उन्हाळ्याची सुट्टी गाद्या उन्हात टाकण्यात गेली. किड्याची भोकं असतील तर लाकडाचं कीडनाशक सिरिंजनं भोकाभोकात सोडून वरून मेण भरावं. रॉकेल चोपडायचा सल्ला बरेच जण देतात. खोल बसलेल्या किड्यापर्यंत ते पोचेलच असं नाही, आणि वास व आगीची भीती मात्र घरात येते.

कपाटावर हिरवा किंवा निळा जुना तैलरंग असेल तर काचपेपर हातात घेण्याआधी थांबावं. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नये. असा रंग कोरडा घासला की ती धूळ श्वासात आणि जमिनीवर जाते. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घरात करूच नये. खरं सांगायचं तर रंग धड असेल तर तसाच ठेवलेला बरा. शोभेच्या दृष्टीनंही तो फिका निळा रंग गेल्यावर पुन्हा येत नाही.

पॉलिश असेल तर ते कसलं, हे ओळखायला एक सोपी खूण आहे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी घासावा. जागा चिकट झाली आणि बोळा तपकिरी झाला, तर ते चपड्याचं पॉलिश. चपडा म्हणजे झाडावरच्या लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवलेले. असं कपाट खरवडायची गरज नसते. ओलसर फडक्यानं मळ काढून, सुकवून, त्याच पॉलिशचे दोन-तीन पातळ हात पुरतात. फक्त आषाढ-श्रावणात हे काम काढू नये. हवेतल्या दमटपणानं चपडा पांढुरका पडतो आणि मग आपण उगाच सुताराला बोल लावतो.

जाळी गंजली असेल तर बदलावी, पण चकचकीत स्टीलची नको. जुन्या लाकडावर ती नव्या दातासारखी दिसते. पितळी जाळी मिळाली तर उत्तम. मुठी, कड्या चिंचेनं घासून लख्ख करायचा मोह होतो, मी तो आवरते. खाचांमधला काळेपणा राहिला तरच नक्षी उठून दिसते.

आता जागा. ओल येणाऱ्या भिंतीपासून चार बोटं लांब. दुपारचं ऊन थेट पडू नये. अवतीभवती नवं फर्निचर असलं तरी बिघडत नाही, उलट पाच जुन्या वस्तू एकत्र ठेवल्या की दिवाणखाना चोरबाजारातल्या दुकानासारखा दिसू लागतो. पायांखाली आता वाट्या नकोत, रबराच्या चकत्या पुरे. आणि पहिला पावसाळा संपेपर्यंत कपाटाखाली काळा कागद अंथरून ठेवावा. ताजा भुसा पडला तर त्यावर तो लगेच दिसतो.