सिस्टर, आय पास्ड आऊट

परदेशी नोकरीसाठी ओईटी ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या नर्सेसचा वर्ग मी संध्याकाळी घेते. ड्यूटी संपवून थेट येणाऱ्या या मुलींना हायपरटेन्शन, इन्फ्लमेशन असले जडजंबाल शब्द तोंडपाठ. गाडी अडते ती अप, ऑफ, आऊटपाशी.

जोड्या पाडायच्या. एक पेशंट, एक सिस्टर. परीक्षेतही अशाच दोन भूमिका असतात. तयारीला ३ मिनिटं, बोलायला ५. पेशंट झालेली म्हणते, 'सिस्टर, आय पास्ड आऊट इन द बाथरूम.' समोरची पेन सरसावून विचारते, किती वेळा? रंग कसा होता? वर्ग खो-खो हसतो. पण तिचं तरी काय चुकलं? आपल्या वॉर्डात युरिन पास होते, मोशन पास होते. आणि माणसं पास आऊट होतात ती कॉलेजातून. बेशुद्ध पडायला आपल्याकडे 'फेंट' आहे. तिकडचा म्हातारा पेशंट मात्र 'व्हॉमिटिंग' म्हणत बसत नाही, 'थ्रू अप' म्हणून मोकळा होतो.

याद्या पाठ करण्यावर माझा विश्वास नाही. 'गेट'खाली वीस अर्थ लिहिले की विसाव्याला पहिला पुसला जातो. मी दुखणं धरून चालते. गोळीचा असर उतरला, वेअर ऑफ. शुद्ध आली, कम राउंड. सर्दी-तापाने गाठलं, कम डाऊन विथ. आणि मोठ्याने, टेबलावर टिचकी मारत. कारण जोर शेपटावर पडतो. वेअर्स 'ऑफ'. थ्रू 'अप'. 'बँडेज' हा शब्द 'टेक ऑफ'च्या मध्येही चालतो, नंतरही. पण 'इट' आलं की मधेच बसायला हवं, 'टेक इट ऑफ'. हे नियम सांगून जमत नाही, एकमेकींच्या मनगटावरचं बँडेज सोडताना म्हणत राहिलं की जमतं.

लेखी पत्रात दुसरीच डोकेदुखी. ४५ मिनिटांत १८० ते २०० शब्द. पेनिसिलिनची ॲलर्जी, म्हणून 'ॲलर्जी ऑफ'. औषधाबद्दल चर्चा, म्हणून 'डिस्कस्ड अबाउट'; तिथे तर काहीच नको. पण गंमत अशी, की 'कम्प्लेन्स ऑफ' सहसा कुणी चुकत नाही. केसपेपरवर 'सी/ओ' लिहून लिहून हाताला तो 'ऑफ' बसलेला असतो. म्हणून वहीत 'ॲलर्जिक' एकटा लिहायला माझ्या वर्गात बंदी आहे. 'ॲलर्जिक टू पेनिसिलिन', 'रिकव्हरिंग फ्रॉम सर्जरी', 'ॲडमिटेड विथ चेस्ट पेन' असं एका दमात लिहायचं, तेही कोऱ्या केसपेपरवर, ड्यूटीवर लिहितात त्याच घाईत.