मोटरहोमची फेसधुलाई
मोटरहोमच्या बाजू बहुधा फायबरग्लासच्या किंवा पातळ अॅल्युमिनियमच्या, खिडक्या अॅक्रिलिकच्या आणि सांधे सीलंटने बुजवलेले असतात. त्यामुळे ट्रक धुण्याची पद्धत या गाडीला सोसत नाही. गाडी सावलीत उभी करून खिडक्या व छताची झडप लावून घ्यावी. आधी साध्या पाण्याने धूळ उतरवावी. मग फोम गनने सौम्य शाम्पूचा दाट फेस खालून वर मारावा आणि सुमारे 5 मिनिटे राहू द्यावा. वाळू मात्र देऊ नये, डाग पडतात. फेसाने मळ सुटतो, त्यामुळे नंतर मऊ ब्रश फिरवताना ओरखडे कमी पडतात. प्रेशर वॉशरचा झोत सांध्यांवर किंवा फ्रिजच्या बाहेरील हवेच्या जाळीवर कधीही रोखू नये: आत मुरलेले पाणी भिंतीतले लाकूड कुजवते आणि बाहेरून बरेच दिवस काहीच दिसत नाही. फेस धुताना छतापासून खाली यावे. ओल्या छतावर चढू नये. लांब दांड्याचा ब्रश पुरतो.