कफरसघाब : एका गावाचे तिसरे घर

उत्तर लेबनानच्या डोंगरात कफरसघाब नावाचे एक लहान शेतकरी गाव आहे. 'कफर' म्हणजे सिरियाक भाषेत गावच. येथील लोक मॅरोनाईट ख्रिस्ती. रोमच्या पोपला ते मानतात. पण आपला स्वतंत्र धर्मप्रमुख आणि सिरियाकमधील जुनी उपासना त्यांनी सोडलेली नाही.

या गावाची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. हिवाळ्यात वर बर्फ पडते. म्हणून गावकरी खालच्या मोर्ह कफरसघाब या जोडगावात उतरतात व उन्हाळ्यात पुन्हा वर येतात. एका गावाला दोन घरे, ही गोष्ट त्यांच्या अंगवळणीच पडलेली. मग तिसरे घर समुद्रापार का झाले?

एकोणिसाव्या शतकात लेबनानचा डोंगर तुती आणि रेशीम यांवर जगत असे, आणि ते रेशीम फ्रान्सला जाई. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, पूर्वेकडील स्वस्त रेशीम युरोपात पोहोचले आणि भाव कोसळले. डोंगरउतारावर बांधलेल्या पायऱ्यांची जमीन मुळातच थोडी. भावाभावांत वाटली की पोट भरेना. पुढे १९१५ ते १९१८ च्या दुष्काळात टोळधाड, युद्ध आणि समुद्रातील नाकेबंदी एकत्र आली. डोंगरातील सुमारे एकतृतीयांश माणसे दगावली असे मानतात.

कफरसघाबचे लोक मुख्यतः दोन ठिकाणी गेले : ऑस्ट्रेलियातील सिडनी आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचे ईस्टन. त्या काळचे पुष्कळ लेबनानी खांद्यावर गाठोडे घेऊन दारोदार कापड व सुया-दोरे विकत. मग एखादे दुकान थाटीत. ऑस्ट्रेलियाने १९०३ च्या कायद्याने त्यांना आशियाई ठरवून नागरिकत्व नाकारले. ती अडचण १९२० च्या कायद्याने दूर झाली. अमेरिकेने १९२४ मध्ये येणाऱ्यांची संख्याच बांधून टाकली.

तरीही गाव विस्कटले नाही. एकाने दुसऱ्याला बोलावले, शेजारी पुन्हा शेजारी झाले. देवळाभोवती आणि गावाच्या मंडळाभोवती नाती टिकली.

खरा पेच पुढचा आहे. लेबनानच्या कायद्यात नागरिकत्व बापाकडून मिळते. परदेशी माणसाशी लग्न केलेल्या लेकीची मुले त्यामुळे कागदावर लेबनानी ठरत नाहीत, मग ती आजोळच्या ओढीने दर उन्हाळ्यात गावी का येईनात. गाव म्हणजे केवळ जमीन नव्हे, हे कफरसघाबने दोन घरे सांभाळून पूर्वीच जाणले होते. तिसऱ्या घरातील लेकीच्या मुलांना आपले म्हणणे कायद्याला मात्र अजून साधलेले नाही.