शेअर टेक्सासात, कर कॅलिफोर्नियात

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाच्या पगाराइतकीच त्याला कंपनीकडून मिळणाऱ्या शेअर्सची चर्चा आता घराघरांत होते. नोकरी कॅलिफोर्नियात लागली, पुढे बिऱ्हाड टेक्सासात हलले; टेक्सासात तर वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा करच नाही. तेव्हा तेथे गेल्यावर हाती येणारे शेअर राज्याच्या करातून सुटले, असा हिशेब सहज मांडला जातो. हा हिशेब चुकीचा आहे आणि त्याची झळ मुलाइतकीच शेअर देणाऱ्या कंपनीलाही बसते.

अमेरिकेत केंद्राचा प्राप्तिकर वेगळा, राज्याचा वेगळा. मोबदला कोठे पदरी पडला हे राज्य पाहत नाही; तो कोणत्या भूमीवर काम करून कमावला, हे पाहते. कंपनी आज शेअर देण्याचे वचन देते, ठरावीक मुदत नोकरी केल्यावर ते नावावर होतात, आणि त्या दिवसाचा बाजारभाव पगार म्हणून धरला जातो. यालाच आरएसयू म्हणतात. कॅलिफोर्निया वचनाच्या दिवसापासून शेअर नावावर होण्याच्या दिवसापर्यंतचे कामाचे दिवस मोजते.

समजा, असे एकूण 1,000 दिवस भरले. त्यांपैकी 600 कॅलिफोर्नियातील आणि उरलेले टेक्सासातील. नावावर झालेल्या शेअर्सचे मोल 80,000 डॉलर असेल, तर त्यातील 60 टक्के, म्हणजे 48,000 डॉलर, कॅलिफोर्नियाचे उत्पन्न ठरते. बोनस व स्टॉक ऑप्शनसाठी तेथे रूढ असलेल्या 10.23 टक्के दराने कापावयाची रक्कम सुमारे 4,910 डॉलर होते. ही अंतिम देणी नव्हेत. विवरणपत्र भरताना ती कमी-अधिक होतात.

ही कपात करण्याचे दायित्व मालकाचे आहे. पगारपत्रकातील पत्ता बदलला की जुन्या राज्याचे खाते बंद करावयाचे, ही अनेक कंपन्यांची सवय येथे महागात पडते. न कापलेला कर, दंड आणि व्याज राज्य मालकाकडे मागू शकते. कर्मचारी नोकरी सोडून गेलेला असला, तरी त्याच्या जुन्या स्टॉक ऑप्शनवर हे बंधन लागू राहते. पेढीवर रोजमेळ जसा रोज लिहिला जातो, तशीच कोणता कर्मचारी कोणत्या दिवशी कोठे होता याची नोंद ठेवावी लागते. चार वर्षांनी ती आठवणीतून लिहिता येत नाही.

त्यातही राज्यागणिक मोजमाप निराळे. स्टॉक ऑप्शनच्या बाबतीत कॅलिफोर्निया वचनापासून हक्क बजावण्याच्या दिवसापर्यंत मोजते, तर न्यूयॉर्क सर्वसाधारणपणे हक्क पक्का होण्याच्या दिवसापर्यंतच. म्हणजे दोन्ही राज्यांत राबलेल्या माणसाचे तेच उत्पन्न दोन मापांनी तोलले जाते. कचेरी न्यूयॉर्कमध्ये आणि घर न्यू जर्सीत असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणावी: स्वतःच्या सोयीसाठी घरी बसून केलेले दिवसही न्यूयॉर्क बहुधा आपलेच धरते. राहत्या राज्यात त्याची वजावट सहसा मिळते, पण ती मागावी लागते.

निवृत्तिवेतनाला मात्र 1996 च्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे. राज्य सोडून गेलेल्याच्या पेन्शनवर जुने राज्य कर लावू शकत नाही. स्टॉक ऑप्शनला हे कवच सहसा लाभत नाही.

मुलगा कायमचा पुण्यास परतला, तरी कॅलिफोर्नियातील दिवसांचा वाटा त्याच्यामागे येतोच. भारत-अमेरिका कर-करार अमेरिकेच्या केंद्रीय प्राप्तिकरापुरता आहे. राज्यांचा कर त्याच्या कक्षेत नाही. म्हणून तिकडचे बिऱ्हाड आवरण्यापूर्वीच वचनपत्र, शेअर नावावर झाल्याची विवरणे आणि स्थलांतराची तारीख दाखविणारे कागद एकत्र बांधून ठेवावेत. वर्षअखेरीस मिळणाऱ्या डब्ल्यू-2 या पगार-दाखल्यात कोणत्या राज्याच्या नावे किती रक्कम पडली आहे, हे तपासावे; चूक दिसल्यास दुरुस्त दाखला कंपनीकडूनच मागून घ्यावा लागतो.