दारापर्यंत जाऊन परतलेली बाई

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात, मुलांचा छळ रोखण्यासाठी काम करणाऱ्या एका संस्थेत कार्ल रॉजर्स हे तरुण मानसशास्त्रज्ञ नोकरीला होते. १९२८ ते १९४० अशी बारा वर्षं त्यांनी रॉचेस्टरमध्ये काढली. त्या काळात त्यांच्याकडे एक आई येत असे. मुलगा कमालीचा वांड होता. रॉजर्सचं निदान पक्कं होतं: आईनं या मुलाला लहानपणी मनापासून जवळ केलं नाही, तिथंच सगळं बिनसलं. हे तिच्या ध्यानात यावं म्हणून त्यांनी भेटीमागून भेटी घेतल्या. शब्द हळुवार होते, सूरही समजुतीचा होता. पण गाडी तसूभर पुढे सरकेना. शेवटी त्यांनीच सांगितलं, आपण दोघांनीही प्रयत्न केले, जमत नाहीये, इथंच थांबू. तीही हो म्हणाली. निरोप घेऊन ती दारापर्यंत गेली आणि वळून तिनं विचारलं, तुम्ही इथं मोठ्या माणसांनाही मदत करता का?

करतो, असं म्हणताच ती परत खुर्चीत येऊन बसली आणि बोलू लागली. नवऱ्याशी बिघडलेलं नातं, संसारात आपण हरलो ही भावना, मनातला गोंधळ. याआधी तिनं दिलेल्या कोरड्या माहितीपेक्षा हे सगळं फार वेगळं होतं. काय करावं ते रॉजर्सना सुचेना. ते ऐकत राहिले. हा प्रसंग त्यांनी पुढे अनेकदा सांगितला, कारण त्यांच्या कामाची दिशा तिथून बदलू लागली. कुठं दुखतंय, कोणत्या वाटेनं जायचंय, हे समोरच्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, या विचाराकडे ते वळले.

आपण या कामाला समुपदेशन म्हणतो. शब्दाच्या पोटातच उपदेश बसलेला आहे, आणि मला तो नेहमी खुपतो. समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाणारा पन्नाशीतला माणूस याच धास्तीनं जातो, की आता कुणीतरी आपल्याला शहाणपण शिकवणार. रॉजर्सनी १९४२ च्या आपल्या पुस्तकात ‘पेशंट’ हा शब्द बाजूला ठेवून ‘क्लायंट’ म्हणायला सुरुवात केली, त्यामागे हीच काळजी होती. आलेला माणूस स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या इच्छेनं आलाय. त्यानं आपलं मन दुरुस्तीला टाकलेलं नाही. मराठीत अशील म्हटलं तर वकील आठवतो आणि ग्राहक म्हटलं तर दुकान, म्हणून आपल्याकडचे समुपदेशकही क्लायंट हाच शब्द वापरतात.

रॉजर्सचं नाव निघालं की लोकांना मायाळूपणा आठवतो. ते खरंच आहे, पण अर्धंच. त्यांचं दुसरं मोठं काम म्हणजे त्यांनी या बंद खोलीत ध्वनिमुद्रण यंत्र आणलं. तोवर आत काय बोलणं झालं हे थेरपिस्टच्या आठवणीवर आणि टिपणांवर अवलंबून असे, आणि टिपणांतून बरंच काही निसटत असे. ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी तबकड्यांवर संभाषणं मुद्रित केली. तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत संपायची, म्हणून दोन यंत्रं आलटून पालटून चालवावी लागत. हर्बर्ट ब्रायन या टोपणनावाच्या माणसाच्या आठ भेटी १९४२ च्या पुस्तकात शब्दन् शब्द छापल्या गेल्या. अशी संपूर्ण थेरपी वाचकांसमोर येण्याची ती पहिलीच वेळ.

स्वतःचा आवाज ऐकताना या मंडळींना आपल्या चुका कळू लागल्या. पोर्टर या विद्यार्थ्यानं मुद्रित संभाषणांतले शब्द मोजले. दिशा दाखवणारे समुपदेशक समोरच्याच्या जवळजवळ तिप्पट बोलत होते. मागोमाग जाणारे त्याच्या निम्म्याहूनही कमी. दिशा दाखवणाऱ्यांसमोर मदत मागायला आलेला माणूसच बहुतेक वेळ गप्प बसून होता, हे आकड्यांत दिसलं.

पण कमी बोलणं म्हणजे नुसतं ‘हं, हं’ करणं नव्हे. समजा, एकजण सांगतो, “नोकरी जाऊन दोन महिने झाले. घरी सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघतो.” आपल्या तोंडून पटकन निघेल, “अहो, सांगून टाका, बायको समजून घेईल.” सल्ला चुकीचा नाही. पण हे त्यानं स्वतःला शंभरदा सांगून झालंय, आणि ते का जमत नाही हे बोलायची वाट आपण बंद केली. ऐकणारा समुपदेशक कदाचित म्हणेल, “सकाळी डबा हातात घेताना जड जात असेल.” त्यावर तो थोडा थांबून म्हणतो, “जड... तसं नाही. हल्ली ती डब्यात जरा जास्तच देते. तिला कळलंय की काय असं वाटतं.” समुपदेशकाचा अंदाज चुकला आणि तरी बोलणं खोल गेलं. समानुभूती ती हीच: आपला अंदाज पुढे करायचा, समोरच्याला तो खोडू द्यायचा आणि दुरुस्त झालेल्या अंदाजासह पुढे जायचं. कीव करणाऱ्याला आपला अंदाज तपासून बघावासा वाटत नाही. मोठ्या माणसाला तर कीव लगेच कळते. ती कळली की तो खुर्ची मागे सरकवतो.

१९५७ मध्ये रॉजर्सनी ठामपणे मांडलं, की थेरपिस्टकडे खरेपणा, विनाअट स्वीकार आणि समानुभूती असली आणि ती समोरच्यापर्यंत पोचली, तर बदल घडायला तेवढं पुरेसं असतं. हे सगळ्यांना पटलं नाही. कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांना जवळचे झालेले अल्बर्ट एलिस यांचा याला स्पष्ट विरोध होता. अविवेकी विचारांना हात घातल्याशिवाय माणूस सावरत नाही, असं त्यांचं म्हणणं. १९६६ मध्ये रॉजर्सचेच सहकारी चार्ल्स ट्रुऑक्स यांनी त्यांच्या मुद्रित संभाषणांची छाननी केली, तेव्हा दिसलं की रॉजर्सची आपुलकीसुद्धा सरसकट नसे. क्लायंटच्या काही बोलण्यांना ती जास्त मिळे, काहींना कमी. मला यात रॉजर्सचा कमीपणा दिसत नाही. पडताळणीसाठी पुरावा त्यांनीच तर उपलब्ध करून दिला होता.

समानुभूतीचं वजन आणखी एका अभ्यासात दिसलं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी दारूचा प्रश्न असलेल्यांवरच्या उपचारपद्धतींची तुलना केली. निष्कर्ष १९८० मध्ये आले. पद्धतींमध्ये मोठा फरक निघाला नाही. फरक निघाला तो नऊ समुपदेशकांमध्ये. कुणाचे क्लायंट सहा महिन्यांनी किती सावरले, यातला सुमारे दोन-तृतीयांश फरक त्या समुपदेशकाच्या समानुभूतीवरून सांगता येत होता. दोन वर्षांनी हे प्रमाण पाव भागावर आलं, पण उरलं. समुपदेशक नऊच होते, हे लक्षात ठेवायला हवं. तरी मिलर यांना यातून पुढची वाट मिळाली. दारू सोड असं बजावलं की पिणारा पिण्याची बाजू घेतो; त्याच्या मनातल्या दोन्ही बाजू ऐकल्या, तर सोडण्याची बाजू तोच मांडू लागतो. व्यसनमुक्तीत आज जगभर वापरली जाणारी त्यांची मुलाखतपद्धत या निरीक्षणावर उभी आहे.

करुणेनं ऐकणं हे औषधाची जागा घेत नाही. तीव्र नैराश्य, भास, आत्महत्येचे विचार असतील तर मनोविकारतज्ज्ञ हवाच. पण औषध सुरू असलेल्या माणसालाही घरी जाऊन डबा उघडायचाच असतो.

रॉचेस्टरच्या त्या बाईबरोबर पुढे बऱ्याच भेटी झाल्या. आपण तिच्या मागोमाग गेलो, आधीच ठरवलेल्या निदानाकडे तिला ढकललं नाही, असं रॉजर्सनी नंतर लिहिलं. नवऱ्याशी तिचं नातं सुधारलं. आणि ज्याच्यासाठी ती पहिल्यांदा तिथं आली होती, त्या मुलाच्या खोड्याही ओसरत गेल्या.